कौमुदी नसताना

२४ सप्टेंबर १९९७
लीडरशिपचा पेपरच नाही! शालिनी मॅडमनी वर्गात सांगून टाकलं — तीन तास खरडून कुणी लीडर होत नाही, खरं काम करून दाखवा, मी बघून मार्क देईन. आमच्या चौघांच्या वाट्याला इथल्या, बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या एका सोसायटीची शरदपौर्णिमा. गरबा, मांडव, दूध, सगळं आमच्या गळ्यात.
आणि लीडर कोण? कौमुदी. एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पहिली मी आले. ती नाही.

३० सप्टेंबर
कौमुदी काहीच करत नाही. मांडववाल्याशी मी बोलले. माइकवाल्याशी उत्कर्ष भांडला. गाणारणी मोहनाने जमवल्या. ही नुसती विचारते, 'निरू, तुला काय वाटतं?' मला वाटतं ते मी सांगते, तेच होतं, आणि नाव तिचं. सेक्रेटरीबेन तर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, 'तू तो बहु डाही छे!' फार शहाणी म्हणे. मी शेजारीच उभी होते, खांबासारखी.

६ ऑक्टोबर
दूध माझ्याकडे. 'मदत लागेल?' — कौमुदी. म्हटलं, कोजागिरीचं दूध मला शिकवू नकोस. बरं म्हणाली. चिडतही नाही मेली.

११ ऑक्टोबर
दसरा. कौमुदी सोनं द्यायला घरी आली. ती गेल्यावर आई म्हणाली, 'किती लाघवी मुलगी.' मला आई असं कधीच म्हणाली नाही.

१६ ऑक्टोबर
कालचं लिहायलाच हवं.
गरबा रंगात आलेला. मॅडम आल्या आणि कौमुदीला म्हणाल्या, 'तू आता घरी जा.' स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. कौमुदीने माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेली. मोहनाचं तोंड रडवेलं. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या — आता दिसेल, काम कोण करतं ते.
पातेल्यांची झाकणं काढली. केशर घातलेलं, आटवलेलं, कढत मसाला दूध. बायका वाकून बघतात आणि विचारतात, 'पौंआ क्यां छे?' त्यांची शरदपूनम म्हणजे चांदण्यात ठेवलेलं गार दूध-पोहे. जन्म बडोद्यात गेला आणि मी आमच्या घरचीच कोजागिरी करून ठेवली होती. कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं.
मग उत्कर्षला पोह्यांसाठी पिटाळलं. कोल्ड्रिंकच्या बाटल्या बर्फातून काढल्या आणि तिथे पातेली बसवली. मोहनाला म्हटलं, थांबायचं नाही, गाणी चालू ठेव. मराठी बिऱ्हाडांनी कढत घेतलं, बाकीच्यांनी गार. सेक्रेटरीबेननी दोन्ही घेतलं. मॅडम खुर्चीतून हसत होत्या.
आता पहिला नंबर माझाच. कौमुदी होती कुठे?

२१ ऑक्टोबर
सगळ्यात जास्त मार्क कौमुदीला.
तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेले. आवाज चढला माझा. 'मॅडम, ती तिथे नव्हतीच!'
'तेच तर बघायचं होतं,' म्हणाल्या. 'लीडर उठून गेला तर काम अडतं का. तिला मी आधीच विचारलं होतं, तुला उठवलं तर मागे कोण? तिने लगेच तुझं नाव घेतलं.'
म्हणजे धावले मी, आणि मार्क तिला. वर उपकारही तिचेच. असा जळफळाट कधी झाला नव्हता. आणि मॅडम शांतपणे म्हणतात, 'पुढच्या कामाला लीडर तू. चौघं तीच. तुझ्यामागे कोण, ते मला सांगून जा.'

२३ ऑक्टोबर
उत्कर्ष? पहिल्या दहा मिनिटांत कुणाशी तरी भांडेल. मोहना? रडत बसेल. दिवसभर दुसरं नाव शोधतेय.

२४ ऑक्टोबर
मॅडमना नाव सांगून आले. कौमुदी.