केम की हॅज कम

३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून इंग्रजी. कुसगावच्या आमच्या हॉटेलात रिसेप्शनची जागा निघालीय. १५ तारखेला मॅनेजर आसावरी मॅडम इंटरव्ह्यू घेणार. चौदा वर्षं रूम सर्व्हिसचे ट्रे उचलले, पुरे झालं. अडचण एकच: केम कधी म्हणायचं आणि हॅज कम कधी. रोज दोन तास अभ्यास.

४ फेब्रुवारी
दहा मिनिटं केला. पुरला. वेळ सांगितली की केम. नुसतंच येऊन बसलंय तर हॅज कम. एवढ्यासाठी लोक क्लास लावतात!

७ फेब्रुवारी
भावकीतलं लग्न. अभ्यास मनातल्या मनात.
हाउसकीपिंगच्या नंदाबाईंनीही अर्ज केलाय. आमच्या औंढ्याच्याच, आठवी पास. दया येऊन नियम समजावला. म्हणाल्या, भाऊ, मला न्हाई त्यातलं कळत, माणूस समोर आला की बोलायचं.
बिचाऱ्या.

१० फेब्रुवारी
चुलतभाऊ माऊलीचं फ्लेक्सचं दुकान. त्याने हौसेने माझा छापला: 'रिसेप्शनपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' गॉगलवाला फोटो मीच दिला. सारिका म्हणाली, आदी निवड तर होऊ द्या. बायकोला दूरदृष्टी नाही. फाट्यावर बांधला. आतापर्यंत अकरा जणांनी हात मिळवला. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

१५ फेब्रुवारी
इंटरव्ह्यू. मॅडम स्वतःच गेस्ट झाल्या. विचारलं, टॅक्सी आली का? सोप्पं! पण सातला आली असेल तर केम. दारात उभी असेल तर हॅज कम. सातला येऊन दारात उभी असेल तर? मॅडम पाणी प्यायल्या. घड्याळ बघितलं. मग नेक्स्ट म्हणाल्या. विचारी माणूस म्हणून छाप पडली असणार.
नंदाबाईंचं दाराबाहेरून ऐकलं. टॅक्सी कम मॅडम, बॅग गिव्ह, टी ड्रिंक? नुसत्या चुका. मॅडम हसल्या. साहजिक आहे.

१७ फेब्रुवारी
नंदाबाईंची निवड.
वाईट वाटलं. लय वाईट. फाटा टाळून शेतातल्या वाटेने घरी आलो. माऊलीला फोन केला, फ्लेक्स उतरव. म्हणाला, दादा, एवढा भारी छापलाय, वाया कशाला घालवायचा?

१८ फेब्रुवारी
फ्लेक्स तिथेच. माझ्या गॉगलवर नंदाबाईंचा फोटो चिकटवलाय. मी खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. नंदाबाई भेटल्या. म्हणाल्या, भाऊ, माझ्यासाठी एवढं कोण करतंय, डोळ्यात पाणी आलं बगा. मी म्हणालो, आपलं कर्तव्यच आहे.
ड्युटीवर पहिली ऑर्डर: रिसेप्शनला एक चहा.
नेला.