घरचा दर, बाहेरचा दर

२१ एप्रिल, सोमवार. पेण

पूजा आटोपून मेल उघडली तर मीनलचं पत्र. पुण्याच्या एजन्सीत होती तेव्हा अनुवादाची सगळी कामं तीच मला पाठवायची. आता आयर्लंडला आहे, नव्या एजन्सीत. तिथल्या दवाखान्यांची माहितीपत्रकं मराठीत हवीत. मुलांकडे राहायला गेलेले आईवडील, इंग्रजी येत नाही, त्यांच्यासाठी. वर्षभराचं काम. 'काका, तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. महिनाअखेर दर कळवा.'

इथेच गाडी अडली. पुण्याला मी काय घेतो हे तिला पक्कं ठाऊक, बिलं तिच्याच हातून जायची. बाहेरच्या देशांकडून मी चौपट घेतो, हे तिला ठाऊक नाही. चौपट लिहिला तर ती मला काय समजेल? घरचा लिहिला तर मी स्वतःला काय समजू?

२२ एप्रिल, मंगळवार

सौ.ला सांगितलं. भिजवलेले वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वडखळच्या नाक्यावर पुण्याची गाडी थांबली की कलिंगड महाग होतं. तेव्हा तुम्हीच चिडता ना?"

मीही वाल सोलायला बसलो. थोड्या वेळाने तीच, "आणि कलिंगड तेच असतं हो." हिला वकील करायला हवं होतं.

खरं तर बाहेरचा दर मी ठरवलेलाच नाही. पहिल्या जर्मन एजन्सीने स्वतःहून आकडा लिहिला, मी देवाला नमस्कार करून होकार कळवला. घरचा दरही माझा नाही, तो के. साहेबांनी, म्हणजे पुण्याच्या एजन्सीच्या केळकरांनी सांगितलेला. दोन दर आणि दोन्ही दुसऱ्यांचे. पन्नाशी आली.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी

सदूच्या कारखान्यात गेलो. गावच्या शाळेत एका बाकावर होतो आम्ही. परदेशी जाणाऱ्या गणपतींचे खोके भरणं चाललं होतं, बसायला जागा नाही. त्याच्यापुढे माझं दुखणं मांडलं.

"त्यात काय? मी पण जास्तच लावतो. खोका करायचा, गवत भरायचं, विमा काढायचा, वाटेत कान तुटला तर भरून द्यायचा."

"माझ्या अनुवादाचा कान कुठे तुटतो? बटण दाबलं की पोचला."

"मग तू चोर हायस दत्ता," म्हणाला आणि रंगाचा हात माझ्या सदऱ्याला लावून हसत सुटला.

घरी येताना ते 'चोर' बरोबर आलं. थट्टाच होती. पण आलं.

२६ एप्रिल, शनिवार. रोहा

बहिणीकडे जाऊन आलो. आधी धावीर महाराजांचं दर्शन. देवळात अभिषेकाच्या दराची पाटी आहे. मुंबईकराला वेगळा, गाववाल्याला वेगळा असं काही नाही. बराच वेळ पाटी वाचत उभा राहिलो. पुजाऱ्याला वाटलं अभिषेक करायचाय.

एकच दर असावा, असं तिथे उभं असताना पटलं. परतीच्या गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत उतरलं. देवाला घर चालवावं लागत नाही, किराणा भरावा लागत नाही. मात्र एक गोष्ट उतरली नाही. ती पाटी होती. भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. माझ्या दरांची पाटी कुठे आहे?

२८ एप्रिल, सोमवार

मीनलचा फोन. मी आडून आडून विचारलं, पुण्याचाच दर लावला तर चालेल ना. तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "काका, तो इथे सांगितला तर आमचे साहेब नाचतील. पण आत्ता हे काम वैशालीताई करतात. इथेच राहतात, भाडं इथलं, भाजी इथली. एकटीला झेपत नाही म्हणून जोडीला माणूस हवाय. तुमचा दर दिसला की जोडीचा राहील आणि त्या जातील."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कमी घेणं म्हणजे साधेपणा, निर्लोभ वगैरे, असंच धरून चाललो होतो. त्या साधेपणाचा भुर्दंड तिकडे कुणी वैशालीताई भरणार. म्हणजे मला जास्त घेण्याचीच भीती वाटत होती, कमी घेण्याची वाटायला हवी होती.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

सदूकडे मेलबर्नच्या मंडळाचे एक गृहस्थ आले होते, खोके बघायला. तेवढ्यात खाडीकडचे धर्मादादा पाट घेऊन आले. दरवर्षी मुहूर्तावर आणून ठेवतात, त्याच पाटावर त्यांची मूर्ती बसते. पाटावर सुपारी आणि नाणं ठेवलं. "यंदा पन तीच रं, सदू. मोठी नको." झालं. भावाचा शब्द नाही.

गृहस्थांनी विचारलंच. "सदाशेठ, यांना केवढ्याला?"

मला वाटलं सदू बाजूला नेऊन सांगेल. तो तिथेच, सगळ्यांसमोर, "यांना भाव नाय. न्यायला येतील तेव्हा जमेल ते ठेवतील. तुमचा तो तुमचा."

"म्हणजे आम्हाला लुटता की!"

"तुम्ही पण पाट आणा. पण ठेवायला यायचं नि न्यायला यायचं, दरवर्षी, पावसाचं, डोक्यावर. खोका नाय, विमा नाय."

गृहस्थ हसले. "नको बाबा, खोकाच बरा."

धर्मादादा तंबाखू मळत म्हणाले, "डोक्यावर घेतला का बाप्पा हलका होतो, पावणं."

भाव दोन होते आणि दोन्ही गिऱ्हाईकं समोरासमोर उभी होती. कुणाचा आवाज खाली आला नाही. हीच त्याची पाटी. जो दर दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मोठ्याने सांगता येतो तो घ्यावा. जो सांगता येत नाही तो सोडावा. मला एवढं पुरे.

१ मे, गुरुवार

मीनलला लिहिलं. बाहेरचा दर. खाली सरळ लिहिलं की तुला पुण्याचा ठाऊक आहे, हा त्याच्या चौपट आहे. पत्रक जिथे वाचलं जाणार तिथला दर घेतो. रोह्याच्या बचत गटातली बाई वाचणार असेल तर इथला, आयर्लंडातली आजी वाचणार असेल तर तिथला. हेच के. साहेबांनाही कळवलं, न विचारता. हात हलका वाटला.

सौ.ने वाचलं. "कलिंगडवाल्याने पाटी लावली म्हणायची." मग चहा ठेवला. म्हणजे पसंत.

३ मे, शनिवार

मीनलचं उत्तर. दर मान्य. तिच्यापुरता तरी प्रश्न मिटला. वैशालीताईंचं काम तसंच राहतंय. पण तिचे साहेब मला पत्रकं निम्मीच देणार, उरलेली 'दुसरीकडून बघतो' म्हणाले. ठीक. निम्मी तर निम्मी.

दुपारी के. साहेबांचा फोन. रागावले नव्हते, खवचट होते. "काय दत्ताजी, आयर्लंडकडे पंगत आणि आमच्याकडे चतकोर भाकर?"

म्हटलं, "साहेब, भाकर तुमच्याच पदरची. मी मोजून घेतो एवढंच."

"बरं. मग उद्यापासून आम्ही पण आयर्लंडहून मेल करतो." स्वतःच हसले. मीही हसलो.

६ मे, मंगळवार

पुण्याहून फाइल. तातडीची. नेहमीचा घरचा दर. रक्त पातळ करायच्या गोळ्या कशा घ्याव्यात, त्याचं पत्रक. शेवटच्या पानावर दवाखान्याचा पत्ता. आयर्लंड.

मीनलला फोन लावला. रडवेली झाली. "काका, शपथ, मला नव्हतं माहीत. आमच्या साहेबांनी परस्पर पुण्याला दिलं." तिला म्हटलं, तू घाबरू नकोस, तुझं नाव कुठे येणार नाही.

घर मुख्यतः पुण्यावर चालतं. हे लिहून ठेवतो, उगाच शूरपणा नको. आयर्लंडचं काम वर्षभराचं, तेही निम्मं. के. साहेब दुखावले तर पुढच्या वर्षी सौ.च्या अंगणवाडीच्या मानधनावर... बघू.

तरी फार वेळ लागला नाही. के. साहेबांना एकच ओळ पाठवली. 'हे कुठे वाचलं जाणार आहे?'

७ मे, बुधवार

उत्तर नाही. सदूला सांगितलं. म्हणाला, "मधला माणूस पाट घेऊन येतो नि माल खोक्यात भरतो. असले येतात आमच्याकडं पण."

"मग काय करतोस?"

"विचारतो, बाप्पा कुठं बसणार? बरेचसे खरं सांगतात. काय काय जण परत येत नायत."

८ मे, गुरुवार. एकादशी

अजून काही नाही. सकाळपासून दोनदा फोन वाजला. एकदा बहीण, एकदा गॅसवाला.

सौ. म्हणाली, "साहेब नाही म्हणाले तर वालाचं बिरडं आहेच." आणि आत जाताना, "पण विचारलंत ते बरं केलंत."

फाइल समोर उघडी आहे. पहिलं वाक्य वाचू नये म्हटलं तरी वाचलं गेलं, आणि मराठीत झालंही. आयर्लंडातल्या आजीला कळेल असं, सोपं. मनात ठेवलंय. टाइप केलेलं नाही.