मामाजींच्या गाडीचं ओव्हरड्राइव्ह

१४ सप्टेंबर १९८९, गुरुवार
उटनूर रस्त्यावर आजही ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथ्यावरचा जादा गिअर, लागलं नाही. चौथ्या गिअरात स्टिअरिंगजवळची खटकी दाबली की इंजिनाचा आवाज उतरायला हवा, वेग तसाच. आवाज उतरतच नाही. जेवताना मामाजी, माझे सासरे, म्हणाले, "दसऱ्यापावेतो लागलं त ठेवू. नाई त हैदराबादचा डॉक्टर गाडी मांगून राह्यला, त्याले देऊन टाकू." ह्यांना आनंद झाला, शेड रिकामी होईल म्हणून. मला अजिबात नाही. लग्न होऊन आले ती याच जुन्या विलायती गाडीतून. शिवाय रोज पोरांना फिजिक्स शिकवते, आणि दोन तारांच्या वस्तूपुढे हात टेकायचे?

१७, रवि.
रहीमभाई मिस्त्री आले. गिअरबॉक्सचं तेल बदललं. फरक शून्य. चहा पिऊन म्हणाले, "पुराना पुर्जा है मैडम, जाने दो." मामाजींनी दुसरा कप विचारला नाही.

२०, बुध.
कॉलेजातून बारा व्होल्टचा दिवा आणि दोन तारा आणल्या. खटकीपर्यंत करंट आहे. तिथून खाली सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे ओव्हरड्राइव्ह ओढून लावणाऱ्या पुर्ज्यापर्यंत, तोही आहे. मग घोडं कुठे अडलं? साडी खोचून गाडीखाली. शेजारच्या काकू भिंतीवरून, "सूनबाई दिसून नाई राह्यली?"
मामाजी, "हाये ना. गाडीखाली हाये."

२४, रवि.
सापडलं. दिव्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं सोलेनॉइडच्या अर्थच्या तारेला लावलं तर अंधार. करंट येतो, परत जायला वाट नाही. चेसिसवरचा बोल्ट काढला. तारेखाली हिरव्या रंगाचा जाड थर. बैलांच्या शिंगांना लावतात तो.

वांकिडीची शेती बटाईने कसायला दिली, तेव्हापासून दारात बैल नाहीत. पोळ्याला मामाजी गाडी धुतात, ओवाळतात, हे ठाऊक होतं. यंदा खाली पडून चेसिसही रंगवली, त्यासाठी तार सोडली आणि रंग वाळल्यावर पुन्हा जागच्या जागी आवळली, हे आज कळलं. विचारलं तर उलट मलाच, "शिंगं रंगवतो, मंग इचं पोट काऊन नाई?" हसून हसून माझं पोट दुखलं. मग तेही हसले. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, तार बसवली.

२५, सोम.
उटनूर रस्ता. खटकी दाबली. आवाज उतरला. मामाजींनी स्टिअरिंगवर थाप मारली. मला रडूच आलं, काय म्हणावं. येताना समोरची बैलगाडी त्यांना फार उशिरा दिसली. ब्रेक लागला, हातभर अंतर राहिलं. पुढे घरापर्यंत मामाजींनी गाडी दुसऱ्या गिअरातच आणली.

२६, मंगळ.
सकाळी मामाजी हैदराबादच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहीत बसलेले. मी म्हटलं, लागलं तर ठेवू म्हणाला होतात.
"ठेवतो ना. पण मले आता दिसते कुठं? तू चालवशील त ठेवतो."
आली का पंचाईत. गाडी उभी असली की मला तिचं सगळं कळतं. चालवायच्या नावाने पूज्य, क्लचवर कधी पायसुद्धा ठेवलेला नाही. तरी रविवारी सकाळी सहाला कॉलेजच्या मैदानावर शिकायला येते म्हणून सांगून बसले. भीती वाटतेय. चिठ्ठी पाकिटात घालून झाली आहे, टपालात टाकलेली नाही. ह्यांना अजून काही सांगितलं नाही.