घागरींवरचे नंबर

१२ फेब्रुवारी
लातूरचं प्रशिक्षण आटोपलं. विषय: भविष्यातली कौशल्ये. मुलांनी गावातली एक अडचण निवडायची, तंत्रज्ञान वापरून सोडवायची. साहेब रंगात आले होते आणि हॉलच्या माठात थेंब नव्हता. जेवून हात कागदाला पुसले. उदगीरला घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं. उद्या शाळेच्या गावी गेले की सातवीला विचारते.

१३ फेब्रु.
विचारायची गरजच पडली नाही. सगळा वर्ग एका सुरात, "पाणी!" टँकर आडात रिकामा झाला की बायकांचं रणकंदन. काल एकीची घागर फुटली, दुसरीच्या झिंज्या. म्हटलं, बाबांनो, पाऊस आपल्याला पाडता येत नाही, रांग लावता येईल. मागून शिवकन्या उठली. "मॅडम, रोज दांडगाईवाल्यांचाच पयला नंबर कशाला? फिरता ठेवू की." पोरीच्या डोक्यात आधीच सगळं मांडून झालेलं.

२० फेब्रु.
शाळेत एकच कॉम्प्युटर चालतो, तोही लाइट असली तर. शि.ने त्यावर सगळी घरं घातली. रोज पाळी आपोआप पुढे सरकते. प्रत्येक घराला नंबर, पोरांनी तो घागरीवर ऑइल पेंटने काढला. आजचा क्रम आडाजवळच्या फळ्यावर.
ग्रामसभेचा अर्धा वेळ उदगीर जिल्हा कधी होणार यात गेला. उरलेल्या वेळात सरपंच म्हणाले, "करू द्या, लेकरांची हौस हाय." हौस म्हणे!

२८ फेब्रु.
चाललं!! भांडण नाही, शिवी नाही. टँकरवाला म्हणतो, "मॅडम, गाव मुकं झाल्यावानी वाटायलंय." घरी येऊन शिरा केला. हे विचारतात, कशाबद्दल? सांगितलं, माझ्या सातवीबद्दल. फार दिवसांनी वाटलं, शिकवतो ते कुठेतरी लागतं.

९ मार्च
शाळा सकाळची झाली. मुलगे हजर. मुलींचे बाक निम्मे रिकामे. शि. सलग तिसरा दिवस नाही. कुणाचं लग्न असेल, गोवर असेल... मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, उन्हाळा आहे हो.

११ मार्च
शि. शाळा सुटता सुटता आली. ड्रेस खांद्यापासून ओला.
"पयलं भांडणं व्हायची, मॅडम. लेकराला रेटून देतील म्हणून आई सोता जायची. आता नंबर हाय. भांडण न्हाई, तर मलाच धाडतेत."
टँकर येतो तो नेमका शाळेच्या वेळेत. कधी आठ, कधी दहा. घागरीपाशी बसून राहायचं. सगळ्या मुली तिथेच.
करायला गेलो गणपती, झाला मारुती.

१२ मार्च
शि.च्या घरी गेले. तिची आई महादेवी खडी फोडायच्या कामावर निघालेली. माझ्या हातात चहा दिला, तिथे चहाला पाणी काढणं म्हणजे काय ते मला कळतं.
"लई सोय केली मॅडम तुम्ही. पयलं पाण्यापायी कामाचा खाडा व्हायचा. आता होत न्हाई."
मी म्हटलं, पोरीची शाळा बुडतेय.
"हाव, बुडतीया. मग मी काम बुडवू का?"
तिला चूक म्हणावं तर तसंही नाही. चहा पिऊन आले.

१८ मार्च
सरपंचांना गाठलं. म्हटलं, टँकर दुपारी मागवा, नाहीतर आडावर मोठ्यांनीच यायचं असा नियम करा. टँकर त्यांच्या हातात नाही. नियमावर हसले. "पोरगी पानी आणती, त्यात नवल काय?" मग म्हटलं, नंबरच बंद करते. हसू गेलं. "आता बंद केलं तर बाया तुमाला शाळेत येऊ देणार न्हाईत." बरोबरच आहे. मुलगे का नाही जात, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर पुन्हा हसले असते.

२४ मार्च
तालुक्याहून गटशिक्षणाधिकारी साहेब उपक्रम बघायला आले. ज्या पोरीने केलं ती कुठंय? आडावर. सगळे तिकडेच गेलो. शि. घागरीवर बसलेली, मांडीवर गणिताचं पुस्तक. फोटो झाले, टाळ्या झाल्या. साहेबांनी विचारलं, "बाळ, मोठेपणी काय होणार?"
"आधी नंबर येऊ द्या सर, मग सांगते."
सगळे खो खो हसले. मीही हसले, याचा राग येतोय. साहेबांना सांगायला तोंड उघडलं, "सर, उपस्थिती..." तर म्हणाले, आदर्श उपक्रम, टँकरच्या सगळ्या गावांत नेऊ. फाइल पाठवा. मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

२७ मार्च
फाइलसाठी साहेबांचा दोनदा फोन. मु.अ. म्हणतात, "तुम्ही नाही दिलं तर दुसरं कुणीतरी करेल, मॅडम. घागरीवर नंबर टाकायला काय अक्कल लागते?" तेही खरं. आणि त्या गावांतल्या आयांचा खाडा वाचेल, तेही खरंच की.
आज सहावी-सातवी एकत्र बसवली, मुलींत एकटी सहावीतली एक. तिच्या घरी बोअर आहे. तिला आणि मुलग्यांना 'समस्या सोडवण्याच्या पायऱ्या' शिकवल्या. स्वतःचाच आवाज ऐकवेना.
उदगीरच्या जीपची वाट बघत होते, तर शि. भरली घागर घेऊन समोरून आली. थांबली. साहेबांचं बोलणं गावभर झालंय, तिलाही माहीत.
"मॅडम, दुसऱ्या गावाला देणार का आपलं?"
म्हटलं, तू सांग. केलंय तू.
डोक्यावर घागर, मान वळवता येईना, नुसते डोळे वळले. "तिथं सातवीत किती पोरी हायेत?"
मला माहीत नव्हतं. जीप आली, बसले.