दाजींपुढची कामांची रांग

प्रिय ताई,

आधी आनंदाची बातमी. दाजींवरचा ठपका पुसला गेला. सोमवारपासून ते पुन्हा विमानावर जातील.

उतरताना रेडिओवरची एक सूचना हुकली, एवढंच त्यांनी तुला सांगितलं होतं. प्रकरण नोकरीवर बेतलं होतं, हे आता मी सांगतो. त्यांच्यावर रागावू नकोस, तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून ते गप्प राहिले.

रांगांचं गणित शिकून मी करतो काय, असं तू नेहमी विचारतेस ना? दवाखान्यात एकाच डॉक्टरपुढे पेशंट ताटकळतात, तशी वैमानिकापुढे कामं ताटकळतात. मी त्या उड्डाणातलं एकेक काम आणि त्याला लागणारे सेकंद मांडले. उतरण्याआधी चौथ्या मिनिटाला पाच कामं एकदम येत होती. तिथे कुणीही असतं, तरी एखादं राहिलंच असतं.

हा हिशोब चौकशीच्या साहेबांना दाखवला, तर त्यांना वाटलं, मेहुणा बाजू घेतोय. म्हणून त्यांनी जमिनीवरच्या सरावाच्या यंत्रात तेच उड्डाण लावून सगळ्यात जुन्या कप्तानाला बसवलं. त्याचीही तीच सूचना हुकली. घाम पुसत तो बाहेर आला आणि म्हणाला, "कामं कमी करा, माणसाला बोल लावू नका." आता त्यातली दोन कामं आधीच उरकायची, असं ठरलंय.

इथे माझ्याकडे राहून दाजी जरा वाळलेत, पण जेवण नीट आहे. तुझं बीपी कसं आहे? गोळ्या चुकवत नाहीस ना? छोटी नव्या शाळेत रमली का?

आज सकाळी दाजी गणवेशाला इस्त्री करत होते. तीन आठवड्यांनी मी त्यांची शीळ ऐकली.

घरच्या सगळ्यांची आठवण काढणारा,
तुझा धाकटा