लीलाधरची घागर

जळगाव, २० एप्रिल १९८९

चि. मंदास नानाचे भरभरून आशीर्वाद.

कडी दोनदा वाजायची, मग जरा थांबून एकदा. तुझा लीलाधरमामा लहानपणी शाळेतून आला की अशी वाजवायचा, पुढे मोठा झाल्यावरही. अजूनही दुपारी डोळा लागला की ऐकू येते. दार उघडतो, तर ओटा रिकामा.

असो. बी.ए.च्या पेपरातल्या त्या मिश्र अटींना भिऊ नकोस. अट एका काळातली, फळ दुसऱ्या काळातलं, एवढंच. ही दोन वाक्यं इंग्रजीत उतरव. ‘मी त्याची कवितांची वही चुलीत घातली नसती, तर आज तो घरी असता.’ आता उलट: ‘तो जिवंत असता, तर त्याने एव्हाना पत्र लिहिलं असतं.’

तो घर सोडून गेल्याचा हिशेब मांडत शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या, “नाना, बारा वरीस व्हयी ग्यात. आते पोरनी घागर भरी टाका.” या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पितरांच्या घागरींशेजारी त्याचीही मांडीन म्हणतो.

लोभ शाईपेक्षा जास्त टिको.
नाना

धुळे, २९ एप्रिल १९८९

ती. नानांना मंदाचा वाकून नमस्कार.

मागच्या वहीत तुम्ही लाल शाईने सात चुका काढल्यात. त्यातल्या दोन चुका नव्हत्याच, पण मास्तरांना कोण सांगणार?

पहिलं वाक्य जमलं. दुसरं आईने वाचलं आणि तव्यावरची पोळी जळेपर्यंत तशीच उभी राहिली. नाना, तसं वाक्य लिहायचं म्हणजे मामा जिवंत नाही हे धरूनच चालायचं ना? मी ती ओळ कोरी ठेवलीय. मार्क कापा.

आईने तुमचं पत्र दुसऱ्या पाकिटात घालून कुणाला तरी पोस्टाने धाडलं. पाकिटावरचा पत्ता मला दिसू दिला नाही. घागर भरू नका, एवढंच कळवायला सांगितलंय.

माया आहे तशी राहू द्या.
मंदा

जळगाव, आखाजी

चि. मंदास आशीर्वाद.

तुझ्या आईचं ऐकलं नाही. सकाळी पितरांच्या आधी त्याचीच घागर भरली, वर खरबूज ठेवलं. नाव घ्यायला तोंड उघडलं, तर ओठांवर आली ती शाळेतली जुनी कविता, जी त्याला मांडीवर घेऊन म्हणायचो. नाव राहिलंच, पितरांच्या घागरीही रिकाम्याच राहिल्या.

आत्ता कडी वाजली. दोनदा, मग थांबून एकदा. भासच, म्हणून लिहीत राहिलो.

पुन्हा वाजली. खिडकीतून पाहतोय. सहा-सात वर्षांची एक मुलगी टाचा उंचावून कडीला लोंबकळलीय. तिला ही खूण कोणी शिकवली? मागे पायरीखाली एक माणूस उभा आहे, कानशिलाशी केस पिकलेले. मान वर करत नाही.

मुलगी त्याला सांगतेय, तहान लागली.

घरात भरलेली घागर एकच आहे. उठतो.

नाना