आप्पांच्या गाडीतला उंदीर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकायची आता सवयच झालीय, मधला महिनाभर बॉनेटात वाकूनच काढलाय.) तुझी पाठ, वहिनीची सर्दी आणि मुलांचे अभ्यास यांपैकी जे काही सुधारलं असेल ते कळव. इकडे आप्पांचा रक्तदाब उत्तम, भूक उत्तम, झोप उत्तम. बिघडलोय ते मी आणि गाडी. फोनवर हे सांगता येत नाही, कारण आप्पांनी चौतीस वर्षं टेलिफोनच्या लाइनी तपासल्या आणि घरात कोणी फोनवर हळू बोलायला लागलं की लाइन खराब आहे असं समजून ते शेजारी येऊन उभे राहतात. म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आप्पांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि हा खांब आधी इथे नव्हता असं निक्षून सांगितलं, ते तुला आठवत असेलच. त्याच संध्याकाळी तू हुकूम सोडलास, की त्यांचं गाडी चालवणं बंद कर, एखाद्याच्या जिवावर बेतेल. पण त्यांचं मन दुखवू नकोस आणि माझं नाव घेऊ नकोस. (शेवटची अट तू दोनदा सांगितलीस.) लांब राहणारी माणसं शूर असतात. गाडीला गॅसचं किट बसवताना ज्या माणसाने मेकॅनिकशेजारी स्टूल टाकून दोन दिवस बसून प्रत्येक वायरीला आपल्या हस्ताक्षरातली चिठ्ठी चिकटवली, त्याला शहात्तराव्या वर्षी ‘आता पुरे’ कोणत्या तोंडाने सांगायचं, ते मात्र तू सांगितलं नाहीस. माझं तोंड तरी उघडेना. म्हणून मी बॉनेट उघडलं. आप्पा दुपारी आडवे झाले की जायचं, एखाद्या वायरीचा प्लग उपसायचा आणि परत येऊन भांडी लावायची, असा बेत ठरवला.

पहिला प्लग मी निवडला तो नुसता रुबाबदार दिसला म्हणून. तो निघाला गॅस किती तापलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचा. तो सेन्सर मुका झाला की गाडी गॅसवर जात नाही, एवढंच. पेट्रोलवर ती मजेत पळते. आप्पाही मजेत पळाले, बाजारात जाऊन आले, आणि गॅसचा हिरवा दिवा का लागत नाही ते बघायला जे बसले, ते तासाभरात प्लग हातात घेऊनच उठले. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. वर मला शिकवणी दिली, की या गाडीत एक छोटी डबी असते, आणि गाडी गॅसवर चालत असताना ती पेट्रोलच्या कॉम्प्युटरला सांगत राहते की सगळं पेट्रोलवरच चाललंय, काळजी नसावी. तिने खोटं बोलणं थांबवलं की समोर पिवळा दिवा पेटतो. (आपल्या घरात हे काम बिनपगारी कोण करतं, ते तुला वेगळं सांगायला नको.)

दुसऱ्या खेपेला मी अभ्यास करून गेले आणि इंजिन फिरतंय की नाही ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा प्लग सैल केला. इंजिन नुसतं घुरघुरलं, पेटलं नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक लॅपटॉप घेऊन आला. त्याने अकरा दोष वाचून दाखवले, त्यातले नऊ जुने निघाले. मग तो म्हणाला सेन्सर मेला, नवीन घाला, आणि मुळात ज्याने गॅस बसवला त्यानेच वाट लावलीय. (गॅस बसवणाऱ्याला विचारलं तर त्याने पेट्रोलच्या मेकॅनिकचं नाव घेतलं. आधीच्या माणसाने घाण केली, यावर या धंद्यात सगळ्यांचं एकमत असतं.) आप्पा म्हणाले, वायरीला विचारल्याशिवाय सेन्सरला मेला म्हणायचं नाही. त्यांनी लाइन मधोमध तोडून तपासायची आपली जुनी पद्धत लावली. अर्ध्यात करंट आहे का, मग त्या अर्ध्याच्या अर्ध्यात आहे का, असं करत करत जेवायच्या वेळेपर्यंत ते प्लगाशी येऊन ठेपले. प्लग अर्धं बोट बाहेर आलेला पाहून त्यांनी जाहीर केलं, की बॉनेटात उंदीर आहे.

तिसऱ्या खेपेला मला उंदीर सापडला. म्हणजे मीच सापडले. आप्पांनी बॅटरीमागे पिंजरा नव्हे, तो फटकन मिटणारा चाप ठेवला होता, आणि माझं मधलं बोट त्यात गेलं. ओरडायचीही सोय नव्हती, कारण आतल्या खोलीत आप्पा झोपलेले. जेवताना बोटाला पट्टी बघून त्यांनी विचारलं, तेव्हा ड्रॉवरमध्ये चिमटलं म्हणून मी ठोकून दिलं. त्यांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मलम आणून दिलं आणि म्हणाले, उंदीर बराच मोठा दिसतोय. त्यानंतर मी या धंद्याला रामराम ठोकला.

आणि खरी गंमत इथून पुढे आहे. गेले तीन आठवडे मी गाडीला हातसुद्धा लावलेला नाही, आणि गाडी मात्र चालूच होत नाही. आप्पा रोज सकाळी जुना सदरा चढवतात, मीटर काढतात, वही काढतात, वायरी तपासतात आणि संध्याकाळी हात धुऊन प्रसन्न चेहऱ्याने घरात येतात. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा आप्पांनी त्याला चहा पाजला, आणि लॅपटॉप पिशवीतून निघायच्या आत वाटेला लावलं. मला धाकधूक अशी, की एक दिवस ते फॉल्ट शोधतील आणि पुन्हा रस्त्यावर जातील. तेव्हा पुढच्या रविवारी येशील तेव्हा मोठेपणा दाखव आणि त्यांना समोरासमोर सांग. मी खूप केलं, बोटसुद्धा दिलं.

तुझी थकलेली,
बहीण

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आप्पांचा सदरा धुवायला घेतला. खिशात रुमालात गुंडाळलेला एक निळा फ्यूज निघाला, त्यावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी: इंजिनचा कॉम्प्युटर. तो घेऊन मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, तीन आठवड्यांपूर्वी शाळेसमोर एक मुलगी रस्ता ओलांडत होती. त्यांनी ब्रेक दाबला, पण पाय पोचायला उशीर झाला. मुलगी निघून गेली, तिला काही कळलंही नाही. घरी येऊन त्यांनी फ्यूज काढून ठेवला. “तुला म्हणून सांगतोय. दादाला कळवू नकोस, त्याला वाटेल म्हातारा घाबरला.” मला रडू आलं, दादा. फ्यूज मी परत त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यात ठेवला.

ता. क. दुसरा. तेव्हा समोरासमोर सांगायचं वगैरे सगळं रद्द. तू रविवारी ये, तुझा तो भारी मीटर घेऊन ये आणि बाह्या सरसावून बॉनेटात वाक. फ्यूजचा डबा उघडलास की एक खाच रिकामी दिसेल. ती दिसली की झाकण लाव, आणि आप्पांना विचार, सुरुवात कुठून करायची.